आपला खासदार बजेटवर आणि रस्ते अपघातांवर संसदेत काय बोलतो? पुण्यातून नेहमी येणारे प्रश्न

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आणि नऱ्हे-आंबेगावच्या अजून दोन-तीन ग्रुपवर मला हेच प्रश्न परत परत येतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलंय. मी नऱ्ह्याला राहते, कात्रज-देहूरोड बायपासवरचा, सतत अपघात होणारा नवले पूल आमच्यापासून जवळच, आणि रात्री हायवेच्या बाजूने अँब्युलन्सचा आवाज आला की आमच्याकडे पहिला फोन घराबाहेर असलेल्या माणसाला जातो, तो उचलेपर्यंत कोणी जेवत नाही. त्यातूनच संसदेतली भाषणं आणि प्रश्नोत्तरं वाचायची सवय लागली. पक्ष कोणताही असो, माझं म्हणणं एकच आहे की खासदार किती वेळा बोलला यापेक्षा जे बोलला त्याचा पाठलाग त्याने किती दिवस केला हे बघा.

ताई, आधी हे सांगा की नवले पुलासाठी पुण्याच्या खासदाराला धरायचं ना?

नाही, आणि इथेच बहुतेक लोक चुकतात. नऱ्हे, धायरी, वडगाव बुद्रुक हा सगळा भाग खडकवासला विधानसभेत येतो आणि खडकवासला लोकसभेला बारामतीत आहे, पुण्यात नाही. म्हणजे पत्ता पुणे ४११०४१ असला तरी आमच्या खासदार २००९ पासून सुप्रिया सुळे आहेत. पुणे लोकसभेत वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कँटोन्मेंट आणि कसबा पेठ हे सहा मतदारसंघ येतात. कात्रज-देहूरोड बायपास घ्या, तो एकच रस्ता आहे पण बारामती, पुणे आणि मावळ अशा तीन लोकसभा मतदारसंघांतून जातो, त्यामुळे अपघात झाला की प्रत्येकाला वाटतं हे शेजारच्या खासदाराचं काम. खरं तर या रस्त्यावर तीन खासदारांनी मिळून एकच प्रश्न लावून धरायला पाहिजे, आणि लोकांनीही तिघांनाही पत्र लिहायला पाहिजे, कारण नऱ्ह्यात राहणारा माणूस रोज बालेवाडी नाहीतर हिंजवडीला कामाला जातो, त्याचा जीव तिन्ही मतदारसंघांतून जात-येत असतो.

बजेटवर बोलणं म्हणजे नक्की कधी बोलणं? १ फेब्रुवारीला तर फक्त अर्थमंत्री बोलतात.

बरोबर, १ फेब्रुवारीला (२०१७ पासून ही तारीख झाली, आधी फेब्रुवारीचा शेवटचा दिवस असायचा) फक्त अर्थमंत्र्यांचं भाषण. खासदारांची पाळी नंतर येते. आधी बजेटवर सर्वसाधारण चर्चा होते, त्यात एकूण धोरणावर बोलतात, इथे सगळे पक्ष आपापली मोठी नावं उतरवतात. मग अधिवेशनाला सुट्टी लागते आणि त्या सुट्टीत खात्यांच्या स्थायी समित्या प्रत्येक खात्याच्या मागण्या, म्हणजे त्याने वर्षासाठी मागितलेले पैसे, तपासतात. अशा २४ समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. रस्ते वाहतूक खातं परिवहन, पर्यटन आणि संस्कृती समितीकडे येतं. सुट्टीनंतर लोकसभेत काही निवडक खात्यांच्या अनुदानाच्या मागण्यांवर चर्चा होते, मग विनियोजन विधेयक (खर्चाच्या मंजुरीचं), मग वित्त विधेयक (करांचं).

आता यातलं आपल्या कामाचं काय? सर्वसाधारण चर्चेत खासदार टीव्हीवर दिसतो पण तिथे नवले पुलाचा उतार येणं अवघड असतं. खरी जागा दोन: स्थायी समिती आणि रस्ते खात्याच्या मागण्यांवरची चर्चा. आणि नेमक्या या दोन जागा लोक बघत नाहीत, एक बंद दाराआड असते आणि दुसरी बऱ्याचदा होतच नाही.

होतच नाही म्हणजे?

गिलोटिन म्हणतात त्याला. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी अध्यक्ष उरलेल्या सगळ्या खात्यांच्या मागण्या एकदम मताला टाकतात, चर्चा झालेली असो वा नसो. दरवर्षी बहुतेक खाती अशीच पास होतात, पण २०१८ मध्ये आणि परत २०२३ मध्ये एकाही खात्याच्या मागण्यांवर चर्चा झाली नाही, सगळंच गिलोटिनने गेलं. २०२३-२४ चं बजेट ४५ लाख कोटींचं होतं! त्या वर्षी सभागृहात गोंधळ चालू होता, कोणामुळे हा वाद दोन्ही बाजूंनी आजही घालता येईल, पण रस्ते खात्याच्या पैशांवर लोकसभेत एक वाक्यही न बोलता ते पास झालं ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. घरात मिक्सर घ्यायचा तरी आपण चार जणांना विचारतो हो.

कपात सूचना काय असते?

खात्याच्या मागणीत कपात करा असं खासदार मांडतो ती कपात सूचना. पैसे खरंच कापायचे नसतात, लक्ष वेधायचं असतं. धोरणच मान्य नसेल तर रक्कम १ रुपयावर आणा, एखाद्या नेमक्या तक्रारीसाठी १०० रुपये कमी करा, आणि खर्च जास्त वाटत असेल तर अमुक रक्कम कमी करा, असे तीन प्रकार. शंभर रुपयांची सूचना आपल्या कामाची, कारण तिच्यात "अमुक पुलाजवळचे अपघात रोखण्यात आलेलं अपयश" असं स्थानिक कारण लेखी द्यावं लागतं आणि ते रेकॉर्डला राहतं. सत्ताधारी खासदार सहसा ही वाट वापरत नाहीत, मंजूर झाली तर सरकारवरच अविश्वास दाखवल्यासारखं होतं.

रस्त्यांना पैसा किती मिळतो, आणि त्यातला सुरक्षेला किती?

२०२५-२६ ला रस्ते वाहतूक आणि महामार्ग खात्याला साधारण २.८७ लाख कोटी रुपये होते. यातला फार मोठा भाग बांधणीला जातो, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला आणि नवीन रस्त्यांना. सुरक्षा, ट्रेनिंग, जनजागृती, अपघातातल्या लोकांना मदत यासाठीच्या ओळी त्यामानाने फारच बारीक असतात. तुम्ही बजेटच्या कागदात त्या खात्याचं पान काढून स्वतः बघा, वरून खाली बोट फिरवत गेलं की आकड्यांची लांबी कुठे एकदम कमी होते ते डोळ्यांनी दिसतं. तिथेच रस्ता सुरक्षा असते.

खासदाराचं भाषण वाचताना मी हेच शोधते की त्याने एकूण आकडा सांगितला की ही बारीक ओळ वाचली. एकूण आकड्याचं कौतुक करायला किंवा नावं ठेवायला अभ्यास लागत नाही. अजून एक बघायचं असतं, गेल्या वर्षी दिलेले पैसे खर्च झाले का. बजेटच्या कागदात अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे वेगवेगळे रकाने असतात, आणि जो खासदार हे शेजारी शेजारी ठेवून बोलतो त्याच्या भाषणाला मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं.

अपघातांचे आकडे किती खरे मानायचे? प्रत्येक जण वेगळे सांगतो.

रस्ते वाहतूक खात्याचा दरवर्षीचा अहवाल धरा, तो पोलिसांच्या नोंदींवर बनतो. २०२२ चा माझ्या डोक्यात पक्का बसलाय: ४,६१,३१२ अपघात, १,६८,४९१ मृत्यू. भागून बघा, दर तासाला १९ माणसं. मेलेल्यांत ४४.५ टक्के दुचाकीवाले, म्हणजे आपणच. ५०,०२९ जण हेल्मेट नसलेले. राष्ट्रीय महामार्ग देशातल्या एकूण रस्त्यांच्या दोन टक्क्यांच्या आसपास आहेत पण मृत्यूंमधला त्यांचा वाटा ३६ टक्के होता, आणि हे शेवटचं वाक्य खासदाराच्या भाषणात आलं की समजायचं त्याने अहवाल उघडलाय. कारण राष्ट्रीय महामार्ग ही थेट केंद्राची जबाबदारी, इथे "हा राज्याचा विषय आहे" असं म्हणून सुटता येत नाही.

एक सावधगिरी. अहवालात बहुतेक मृत्यूंचं कारण अतिवेग असं लिहिलेलं असतं, २०२२ ला ७१ टक्के. पण पोलिस स्टेशनला नोंद करताना ड्रायव्हरची चूक लिहिणं सोपं असतं, रस्त्याचा उतार चुकलाय हे कोण लिहिणार? नवले पुलाकडे येताना नवीन कात्रज बोगद्यापासून दरी पूल, स्वामीनारायण मंदिर असा सलग उतार आहे. ट्रकवाले डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकतात, मग सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतो. सर्व्हिस रोडला उभं राहिलं तर तो जळका वास नाकात बसतो, आमच्याकडच्या शाळेतल्या पोरांनाही तो वास ओळखू येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका संध्याकाळी इथे चाळीसहून जास्त गाड्या एकावर एक आदळल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंटेनरच्या धडकेनंतर गाड्या पेटल्या आणि माणसं गेली. मध्ये रंबलर (वेग कमी करायला लावणाऱ्या पट्ट्या) आले, बोर्ड आले, कॅमेरे आले. अशा ठिकाणी कागदावर "अतिवेग" हा शब्द खरा असतो पण अर्धाच.

पुण्याच्या खासदारांचे प्रश्न शोधले तर २०२४ नंतर काहीच सापडत नाही. ते गप्प बसतात का?

नाही, हा गैरसमज काढायला पाहिजे. मुरलीधर मोहोळ जून २०२४ मध्ये निवडून आले आणि लगेच केंद्रात राज्यमंत्री झाले, सहकार आणि नागरी विमान वाहतूक. मंत्री सरकारला प्रश्न विचारत नाही, तो उत्तर द्यायच्या बाजूला बसतो. शून्य प्रहरात (प्रश्नोत्तरांनंतर तातडीचे विषय मांडायची वेळ) किंवा नियम ३७७ खाली (आधी लेखी देऊन विषय मांडायचा) मतदारसंघाचा विषयही मांडत नाही. मंत्र्यांची हजेरीची सही पण नसते. त्यामुळे "प्रश्न शून्य, हजेरी निरंक" असा तक्ता कोणी फॉरवर्ड केला तर तो मंत्र्याला लावूच नका. मंत्र्याने पुण्यासाठी काय केलं ते वेगळ्या मापाने मोजावं लागतं, संबंधित खात्याच्या मंत्र्याकडे पत्र गेलं का, बैठक झाली का, त्याचा कागद दिसतो का.

पण यातून एक गोष्ट होते जी मला सरळ सांगायचीय. पुणे शहराच्या नावाने लोकसभेत प्रश्न विचारणारं कोणी उरत नाही. आणि हे त्याआधीही झालं होतं.

आधी कधी?

२९ मार्च २०२३ ला गिरीश बापट गेले. ते लोकसभेच्या अंदाज समितीचे अध्यक्ष होते, सरकारी खर्चाचे अंदाज तपासणारी ३० खासदारांची समिती, म्हणजे बजेटच्या कामात पुण्याचा माणूस फार महत्त्वाच्या जागी होता. कायद्याप्रमाणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायला पाहिजे होती, ती झाली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाने घ्या म्हणून सांगितलं, जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली, तोवर सार्वत्रिक निवडणूकच आली. म्हणजे १ फेब्रुवारी २०२४ चं अंतरिम बजेट मांडलं तेव्हा पुणे शहराची खुर्ची रिकामी होती. सव्वा वर्षाच्या आसपास लाखो मतदारांचा लोकसभेत एकही माणूस नव्हता, आणि आपल्याकडे त्यावर जेवढा आवाज व्हायला पाहिजे होता तेवढा झाला नाही. पेठेत पार्किंगच्या एका बोर्डावरून आपण जास्त भांडतो.

मग पुणे शहरातल्या माणसाने जायचं कुणाकडे?

राज्यसभा. तिचे खासदार राज्याचे असतात, मतदारसंघाची कुंपणं नसतात. वंदना चव्हाण २०१२ ते २०२४ राज्यसभेत होत्या, त्याआधी पुण्याच्या महापौर, आणि २०२४ पासून मेधा कुलकर्णी आहेत. राज्यसभेला बजेटवर चर्चा करता येते पण मागण्यांवर मतदान करता येत नाही, धन विधेयक (कर आणि सरकारी खर्चाचं) १४ दिवसांत परत पाठवावं लागतं. त्याऐवजी तिथे एखाद्या खात्याच्या कामकाजावर सविस्तर चर्चा होते. आणि विशेष उल्लेख म्हणून एक आयुध आहे, छोटासा लेखी विषय सभागृहात मांडायचा. लोकसभेत तसंच नियम ३७७. शून्य प्रहरापेक्षा हे बरं असं माझं मत, कारण शब्द मोजके आणि आधी लिहून द्यावे लागतात, त्यामुळे आरडाओरडा नाही आणि मंत्र्याचं लेखी उत्तर मागता येतं.

तारांकित आणि अतारांकित प्रश्नात काय फरक? तारांकित भारी ना?

तारांकितला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि लगेच पूरक प्रश्न विचारता येतो. लोकसभेत दिवसाला २० असतात पण तासाभरात मोजकेच पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरं लेखी होऊन पटलावर, म्हणजे सभागृहासमोर ठेवली जातात. अतारांकित दिवसाला २३०, सगळी लेखी. टीव्हीला तारांकित बरा, पण आपल्याला माहिती काढायची असेल तर अतारांकितच कामाचा, फक्त प्रश्न नीट पाहिजे.

नीट म्हणजे कसा ते दाखवते. "पुण्यातील वाढते अपघात रोखण्यासाठी सरकार कोणती पावलं उचलत आहे?" असा प्रश्न गेला की उत्तर मला आत्ताच पाठ आहे: शिक्षण, अभियांत्रिकी, अंमलबजावणी आणि तातडीची मदत या चार सूत्रांवर सरकार काम करत आहे, आणि मग दोन पानं यादी. वर्षानुवर्षं तेच. त्याऐवजी असं विचारा: कात्रज नवीन बोगदा ते नवले पूल या टप्प्यात गेल्या तीन वर्षांत वर्षवार किती अपघात, किती मृत्यू, हा टप्पा ब्लॅकस्पॉटच्या यादीत कोणत्या तारखेला घेतला, तात्पुरती कामं कोणती झाली, कायमस्वरूपी कामाचा अंदाज कधी मंजूर झाला, रक्कम किती, खर्च किती, पूर्ण होण्याची तारीख काय. यात पळायला जागा नाही.

ब्लॅकस्पॉट हा शब्द पण हवेत वापरू नका. खात्याची व्याख्या आहे: साधारण ५०० मीटरचा टप्पा, जिथे तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमी असलेले ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. हे पत्रात लिहिलं की समोरच्याला कळतं या माणसाने घरून अभ्यास करून आणलाय.

आणि उत्तर वाचताना अक्षरं मोजा. प्रश्नाचे पाच भाग (क) पासून (ङ) पर्यंत असतात. उत्तरात "(क) ते (ङ)" असं सगळं एकत्र बांधून एकच उतारा आला तर समजा त्यातल्या एखाद्या भागाला बगल दिलीय. कोणता भाग गायब आहे तो शोधा, त्यावरच पुढचा प्रश्न.

मंत्री म्हणाले "माहिती गोळा केली जात आहे". संपलं का मग?

उलट तिथून सुरू होतं! सभागृहात मंत्र्याने "माहिती गोळा करून पटलावर ठेवू", "विचार करू", "तपासून बघू" असं म्हटलं की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं. त्यासाठी आश्वासन समिती नावाची वेगळी समिती आहे आणि आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं, नाहीतर मुदतवाढ मागावी लागते. माझ्या मते संसदेतली सगळ्यात कमी माहीत असलेली आणि सामान्य माणसाला सगळ्यात उपयोगी पडेल अशी ही जागा आहे. आपल्या खासदाराच्या प्रश्नाला असं उत्तर मिळालं असेल तर तारीख लिहून ठेवा, तीन महिने मोजा, आणि मग खासदाराच्या ऑफिसला विचारा की साहेब त्या आश्वासनाचं काय झालं. मी एकदा असा फोन केला तेव्हा समोरच्या मुलाने दोनदा विचारलं, "मॅडम, तुम्ही पत्रकार आहात का?" नाही रे बाळा, मी नऱ्ह्याची आहे.

२०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या वेळी कोण काय बोललं ते वाचायचंय, कुठून सुरू करू?

ती गोष्ट २०१६ पासून वाचा, तरच अर्थ लागतो. ऑगस्ट २०१६ मध्ये विधेयक आलं, स्थायी समितीकडे गेलं, एप्रिल २०१७ मध्ये लोकसभेत पास झालं. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे (एखादं विधेयक तपासायला नेमलेली समिती) पाठवलं, अध्यक्ष आपल्या महाराष्ट्राचे खासदार विनय सहस्रबुद्धे, डिसेंबर २०१७ मध्ये अहवालही आला, पण राज्यसभेत पास झालंच नाही आणि लोकसभा विसर्जित झाली तसं ते बाद झालं. मग परत आणलं: २३ जुलै २०१९ लोकसभा, ३१ जुलै राज्यसभा, १०८ विरुद्ध १३ मतं. या तीन वर्षांत रस्त्यावर दरवर्षी दीड लाखाच्या आसपास माणसं जातच होती.

विरोध करणाऱ्यांची भाषणं पण नक्की वाचा. त्यांचा मुख्य मुद्दा राज्यांच्या अधिकारांचा होता, परवाने आणि वाहतूक यात केंद्र घुसतंय असा, आणि तो मुद्दा पोकळ नव्हता. गंमत बघा, दंड वाढले १ सप्टेंबर २०१९ पासून, पण महाराष्ट्राने ते तेव्हा लागू केले नाहीत, आपल्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये आले.

दोन कलमं मी सगळ्यांना दाखवते. एक १९८अ: रस्त्याची रचना, बांधणी, देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं तर ठेकेदार, सल्लागार, संबंधित अधिकारी संस्था यांना १ लाखापर्यंत दंड. दारू पिऊन गाडी चालवली तर १० हजार, आणि शेकडो कोटींचा रस्ता चुकीचा बांधून जीव गेला तर जास्तीत जास्त १ लाख. मला हे लाजिरवाणं वाटतं, आणि या रकमेवर जो खासदार बोलला असेल, कोणत्याही पक्षाचा, त्याला माझा नमस्कार.

दुसरं १६२: अपघातानंतरच्या पहिल्या तासात कॅशलेस उपचार. कायदा २०१९ चा. योजना प्रत्यक्ष आली मे २०२५ मध्ये, दीड लाखापर्यंत, सात दिवस, आणि त्यासाठीही जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला सरकारला सांगावं लागलं. सहा वर्षं! आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाला २०२३ मध्ये बायपासवरून रिक्षात घालून नेलं होतं, पहिल्या हॉस्पिटलने काउंटरवर आधी डिपॉझिट विचारलं, आणि त्याची आई गळ्यातलं मंगळसूत्र काढून काउंटरवर ठेवत होती ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मुलगा वाचला, पाय गेला. कायद्यात कलम होतं तेव्हा. म्हणून मी म्हणते की कायदा पास झाला त्या दिवशीचं भाषण एक वेळ राहू दे, त्यानंतर दर अधिवेशनात "कलम १६२ ची योजना कधी?" असं विचारणारे खासदार शोधा.

हेल्मेटवर पुण्याच्या लोकप्रतिनिधींची भूमिका काय?

जी पुणेकरांची तीच, आणि तेच दुखणं आहे. २०१९ च्या १ जानेवारीपासून शहरात हेल्मेटची कारवाई जोरात सुरू झाली तेव्हा विरोधात मोर्चे निघाले, कृती समिती होती, आणि मतं जातील म्हणून स्पष्ट बोलायला सहसा कोणी पुढे येत नाही. वरचा ५०,०२९ हा आकडा परत वाचा, बाकी मला काही म्हणायचं नाही.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेबद्दल खासदाराला विचारलं तर "राज्याचं आहे" म्हणतात. खरंय का?

हो, तो एमएसआरडीसीचा आहे, म्हणजे राज्य सरकारचा. त्याच्यावर आमदाराने विधानसभेत लक्षवेधी किंवा तारांकित प्रश्न आणायचा. बायपास, सातारा रोडचा हायवे, नाशिक आणि सोलापूर हायवे केंद्राचे. शहरातले रस्ते महापालिकेचे. नवले पुलाजवळ मेन हायवे, सर्व्हिस रोड, सिग्नल, अतिक्रमण ही चार कामं चार दारांत जातात, म्हणून पत्रात कोणतं काम कोणाचं ते आधी वेगळं करा, नाहीतर तुमचं पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहील.

खासदार निधीतून करून घेता येत नाही का?

वर्षाला ५ कोटी असतात, खासदार शिफारस करतो आणि जिल्हाधिकारी काम करून घेतात. बसस्टॉप, शाळेजवळचं काही, अँब्युलन्स, एवढं होतं. हायवेचा उतार कमी करायला ते पैसे पुरत पण नाहीत.

संसदरत्न मिळाला म्हणजे काम चांगलं ना?

तो पुरस्कार संसद देत नाही, खासगी संस्था देते, २०१० पासून, आणि आकडेवारीला त्यात बरंच महत्त्व असतं. मिळाला तर आनंदच आहे, खासदार हजर राहतो आणि कामकाजात भाग घेतो एवढं त्यातून कळतं. पण शंभर प्रश्न वरच्या त्या गुळगुळीत पद्धतीचे असू शकतात आणि दहाच प्रश्न असे असू शकतात की खातं हललं. अजून एक, रेकॉर्डमध्ये काही बजेट भाषणांना फुली किंवा चांदणी असते आणि खाली लिहिलेलं असतं की भाषण पटलावर ठेवलं, म्हणजे वेळ मिळाला नाही म्हणून लेखी दिलं. ते वाईट नाही, उलट त्यात कधीकधी मतदारसंघाची नेमकी मागणी जास्त सापडते, फक्त व्हिडिओ शोधत बसू नका.

भाषणं शोधायची कुठे? इंग्रजीच असतं का सगळं?

संसदेच्या साईटवर, संसद डॉट इन. लोकसभा निवडा, मग वादविवाद किंवा प्रश्न, खासदाराचं नाव आणि खातं टाका. लेखी उत्तरं हिंदी आणि इंग्रजी दोन्हीत पीडीएफ असतात. हिंदीतली भाषा जड असते पण आपल्याला समजते. खासदाराला मराठीत बोलता येतं, भाषांतराची सोय आहे, आणि कोणी मराठीत बोललं असेल तर वाचताना वेगळंच वाटतं, उतार म्हटलं की उतारच दिसतो. १९५२ पासूनचे जुने वादविवादही ऑनलाईन आहेत. पीआरएस नावाची संस्था खासदारनिहाय तक्ते करते, ते सुरुवातीला बरे. व्हिडिओ संसद टीव्हीचे.

जुनं वाचायची आवड असेल तर मधु दंडवत्यांचं रेल्वे बजेट बघा, राजापूरचे खासदार, १९७७ ते ७९ रेल्वेमंत्री. सेकंड क्लासच्या लाकडी बाकांवर फोम आला तो त्यांच्या काळात. बजेटमधली एक ओळ माणसाच्या पाठीपर्यंत कशी पोचते ते त्यातून कळतं.

पत्र कधी आणि कसं पाठवायचं?

प्रश्नाची नोटीस निदान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि वर चिठ्ठ्या टाकून नंबर लागतो, त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर पाठवलेलं पत्र त्या अधिवेशनाला उशिराच. बजेटसाठी डिसेंबरमध्येच पाठवा. मधल्या सुट्टीत मागण्यांवरच्या चर्चेसाठी परत एक आठवण.

एका पत्रात एकच जागा, एकच रस्ता. जागेचं नाव लोक म्हणतात ते आणि हायवेच्या दगडावरचा किलोमीटर दोन्ही लिहा. पोलिस स्टेशनकडून माहितीच्या अधिकारात अपघातांची संख्या आधी काढून घ्या, १० रुपये फी आणि ३० दिवस, ते जोडा. प्रश्नाचा मसुदा तुम्हीच लिहून द्या, वर दाखवला तसा, ऑफिसमधल्या माणसाला फक्त टाईप करायला लागला पाहिजे. सोसायटीच्या लेटरहेडवर, शक्यतो चार-पाच सोसायट्यांच्या सह्यांनी. पोच घ्या, तारखेसकट. आणि ग्रुपवर कोणा एकाने वहीत तारखा ठेवायच्या: पत्र कधी, प्रश्न कधी लागला, उत्तर काय, आश्वासन असेल तर तीन महिने कधी संपतात. आमच्याकडे ती वही माझ्याकडे आहे. नऱ्हे-आंबेगावच्या कोणाला बघायची असेल तर संध्याकाळी सातनंतर या, फोटो काढून घ्या आणि आपल्या सोसायटीसाठी तशीच सुरू करा.